रोहित दिसले नाहीत? आधी पाणी कुठवर हटलंय ते बघा

गुरुजी, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विट्याहून डिसेंबरातले तीन रविवार तुम्ही मायणी आणि येरळवाडीला गेलात. सकाळी नऊच्या सुमाराला धरणाच्या भरावावर उभं राहून दुर्बिणीनं सगळं पाणी पिंजून काढलंत. वारकरी, टिबुकल्या आणि बगळे हे नेहमीचे पक्षी सोडले तर हाती काही लागलं नाही. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नाहीत, पट्टकादंब हंस नाहीत. तिसऱ्या खेपेला परतताना येरळवाडीच्या फुगवट्याच्या पार टोकाला तीन मळकट राखाडी, लांब पायांचे पक्षी दिसले. सारखे मान खाली घालून चालत होते, चोच काही दिसली नाही, आणि मोटारसायकलच्या आवाजानं उडाले तेव्हा मान आणि पाय दोन्ही काठीसारखे सरळ. वहीत तुम्ही लिहिलंत, ‘राखी बगळे, ३’. आणि विचारलंत, कुठल्या तलावावर, कुठल्या महिन्यात आलं म्हणजे रोहित हमखास दिसतील?

त्या तीन बगळ्यांकडं मी शेवटी येतो. आधी ‘हमखास’ हा शब्द खोडून टाका. तीसेक वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या खटाव-माणच्या तलावांवर फिरतोय आणि अजून मला कुणी ‘रोहित आले का?’ म्हणून फोन केला तर मी त्याला उलट विचारतो, ‘पाणी किती हटलंय?’ पाण्यातले पक्षी तलावाचं नाव बघून उतरत नाहीत, पाण्याची कड बघून उतरतात. कुठं किती खोली आहे, कुठला चिखल नुकताच उघडा पडलाय, कुठं गाळपेरीचा हरभरा उगवून आलाय, एवढं कळलं की पक्षी कुठं असतील ते निम्मं कळलं.

तुमचं चुकलं ते भरावावर उभं राहण्यात. चूक सगळ्यांचीच होते, कारण गाडी तिथवर जाते आणि उंचावरून दिसतं छान. पण धरणात भरावाजवळचं पाणी सगळ्यात खोल. तिथं डुबकी मारणारे राहणार, म्हणजे पाणकावळे, टिबुकल्या, नशीब असेल तर लालसरी. बाकीच्यांचं पोट भरतं ते शेपटाला, जिथं ओढा किंवा नदी तलावात शिरते आणि पाणी पसरट होतं. पाण्यात डोकं खुपसून, बूड वर करून खाणारी बदकं, म्हणजे तलवार बदक, थापट्या, चक्रांग, ही साधारण फूटभर पाण्यापर्यंतच खाऊ शकतात. तुतवार, टिलवा, चिखल्या यांना तर बोट-दोन बोटं पाणी किंवा नुसता ओला चिखल लागतो. शेकाट्याचे पाय लांब, तो जरा पुढं उभा राहतो. रोहित त्याच्याही पुढं. काठावरून आत बघत गेलं की पायांच्या लांबीप्रमाणं पक्ष्यांच्या रांगा लागलेल्या दिसतात, शाळेत उंचीप्रमाणं मुलं उभी करतात तशा. एकदा ही रांग डोळ्यात बसली की दुर्बीण लावायच्या आधीच तुम्हाला अंदाज येईल की कुठल्या पट्ट्यात काय शोधायचं.

आता यंदा पाणी का हटलं नाही ते बघा. आपला हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि खटाव-माणला जेमतेम ५०० च्या आसपास. पूर्वीचा क्रम ठरलेला होता. परतीच्या पावसानं तलाव भरला तर भरला, मग दिवाळीपासून पाणी हटत जायचं, संक्रांतीपर्यंत शेपटाला भला मोठा चिखल उघडा पडायचा आणि रोहितांना ताट वाढलेलं असायचं. आता उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू या सिंचन योजनांचं पाणी या भागात फिरायला लागलंय. येरळा नदीत, तलावांत आवर्तन, म्हणजे योजनेच्या पाण्याची पाळी, सुटतं आणि जानेवारीत हटलेलं पाणी पुन्हा चार हात वर चढतं. माणसांसाठी हे चांगलंच आहे. ज्या गावात आम्ही टँकरच्या मागं धावणारी पोरं बघितली तिथं आज ऊस आणि डाळिंब उभं आहे, याबद्दल पक्ष्यांच्या नावानं गळा काढणाऱ्यांतला मी नाही. पण पक्षी बघायला जाणाऱ्यानं हे हिशेबात धरलं पाहिजे. महिना बघून चालत नाही, आवर्तन कधी सुटलं ते विचारावं लागतं. भरलेल्या तलावावर रोहित शोधणं म्हणजे पुराच्या पाण्यात खेकडे धरणं.

म्हणून एक तलाव धरून बसू नका. या भागात चार-पाच पाणथळ जागा आहेत आणि पक्षी त्यांच्यात ये-जा करतात. मायणीचा तलाव ब्रिटिश काळातला, गाळानं उथळ झालेला, बाभळींनी वेढलेला. येरळवाडीचं धरण मोठं, येरळेवरचं. ही नदी पुढं तुमच्या सांगली जिल्ह्यातून जाऊन ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. सूर्याचीवाडीचा तलाव लहान, उघड्या माळावरचा. गेल्या काही वर्षांत रोहित मायणीपेक्षा येरळवाडी आणि सूर्याचीवाडीला जास्त दिसतात. शिवाय माणगंगेवरचा राजेवाडीचा जुना तलाव आहे, त्याचं पाणी आटपाडीकडच्या लोकांना ठाऊक असतं. एक लहान दुरुस्तीही करतो. सगळे ‘मायणी अभयारण्य’ म्हणतात, मीही बोलताना म्हणतो, पण २०२१ साली मायणी आणि आसपासच्या पाणथळ जागांना मिळून जो दर्जा मिळाला तो ‘संवर्धन राखीव’ असा आहे. हा प्रकार वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं आला आणि त्यात आसपासच्या लोकांचे हक्क अभयारण्यासारखे काढून घेतले जात नाहीत. त्यामुळं काठावर तुम्हाला मेंढरं, म्हशी, जाळी टाकणारे, मोटर बघायला आलेले शेतकरी सगळे भेटतील. त्यांना अडचण समजू नका. पक्षी कुठं आहेत हे त्यांना आपल्या आधी ठाऊक असतं, फक्त त्यांची नावं वेगळी असतात. ‘राजहंस’ म्हटलं की पट्टकादंब समजायचं. ‘करकोचा’ म्हटलं तर मात्र उंच पायाचं काहीही असू शकतं, तिथं चार प्रश्न जास्त विचारावे लागतात.

पट्टकादंबाची गोष्ट अशीच एका शेतकऱ्यानं मला शिकवली. पहिली तीन-चार वर्षं मला हा पक्षी दिसायचा तो तलावाच्या मधोमध, पंखात चोच खुपसून झोपलेला. राखाडी गोळे, बाकी काही नाही. मला वाटायचं हा पक्षीच आळशी. एका जानेवारीत काठावरचा एक म्हातारा शेतकरी तणतणत आला, म्हणाला, ‘रात्रीत कुणीतरी गाय सोडल्यागत हरभरा खुडलाय, आणि खुराचा ठसा नाही.’ वाफ्यात बघितलं तर हिरवट विष्ठेचे लांबट तुकडे आणि पडद्याच्या पायांचे ठसे. हे हंस दिवसा सुरक्षित पाण्यात झोप काढतात आणि दिवस मावळला की हरभऱ्यात, गव्हात, काठच्या गवतात चरायला उतरतात. तेव्हापासून मी नऊ वाजता जाणं सोडलं. उजाडायच्या आधी अर्धा तास शेपटाकडच्या बांधावर बसायचं. अंधारातच ‘आंग्-आंग्’ असा घोगरा आवाज ऐकू येतो, मग फिकट आभाळावर ओळ दिसते, आणि रान सोडून पाण्यावर उतरताना ते अंगावरून जातात. त्या वेळी डोक्यावरचे दोन काळे पट्टे अगदी साध्या डोळ्यांनी दिसतात.

हा पक्षी बघताना तो कुठून आलाय ते आठवा. मंगोलिया, तिबेट, लडाखच्या तलावांवर तो पिल्लं वाढवतो आणि हिमालय ओलांडून येतो. अंगावर यंत्र बसवून माग काढलेल्या पक्ष्यांपैकी काही ७ हजार मीटरच्या वरून उडालेले नोंदले गेले आहेत. विरळ हवेतला प्राणवायू धरून ठेवायला त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच वेगळ्या घडणीचं असतं. काहींच्या गळ्यात अक्षरं कोरलेला पट्टा असतो, तिकडच्या अभ्यासकांनी बसवलेला. दिसला तर पट्ट्याचा रंग आणि अक्षरं तेवढी नीट टिपा, फोटो धूसर आला तरी चालेल. पायात धातूचं कडं दिसलं आणि वाचता आलं तर मुंबईच्या बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला, कळवा. १८८३ पासूनची संस्था आहे, आपल्या देशात पक्ष्यांना कडी घालण्याचं बरंचसं काम तिनंच केलंय.

चक्रवाक शोधायला वेगळी तपश्चर्या लागत नाही. नारिंगी-तांबूस अंग, फिकट डोकं, जोडीनं राहणार आणि बहुधा पाण्यात नाही तर काठावर उघड्या जागी उभा असणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, मार्च-एप्रिलपर्यंत राहतो. संस्कृत कवींनी याच्या जोडीला रात्रीपुरता विरह लिहून ठेवलाय. रात्री दोघं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारतात म्हणे. मी थंडीत तलावाच्या काठी मुक्काम केलाय, हाका खऱ्या आहेत, रात्री त्यांचा आवाज घुमतो. विरहाचं मात्र काही दिसलं नाही. चांदण्यात दोघं शेजारीच उभी होती. आणि एक, चक्रवाक हा तलावाचा चौकीदार आहे. तुमची चाहूल सगळ्यात आधी त्याला लागते, तो ओरडत उठला की मागोमाग सगळी बदकं उठतात. म्हणून काठावर पोचल्यावर आधी चक्रवाक कुठं आहे ते बघा आणि त्याच्यापासून लांबून वळसा घ्या.

रोहितांबद्दल आता सविस्तर, कारण तुमचा जीव तिथं अडकलाय. आपल्याकडं येतो तो बहुतकरून मोठा रोहित, ज्याला लोक अग्निपंख म्हणतात. उभा असताना पांढरट गुलाबी दिसतो. पंख उघडले की आतला लाल आणि कडेचा काळा असा पेटल्यासारखा दिसतो, नाव त्यावरूनच आलं. चोच गुलाबी, टोक काळं. लहान रोहित आला तर तो ठेंगणा, रंगानं जास्त गडद आणि चोच काळपट लाल. पण तो मुख्यतः खाऱ्या पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळावर जगणारा, आपल्या गोड्या तलावांवर त्याची आशा धरू नका. मोठा रोहित चिखलातले किडे, अळ्या, बारीक शिंपले, बिया, शेवाळ सगळं खातो. खायची पद्धत मात्र जगावेगळी. डोकं पूर्ण उलटं करून चोच पाण्यात घालतो, जीभ पंपासारखी मागं-पुढं हलवून पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक दातऱ्यांच्या चाळणीतून बाहेर फेकतो. पाय नाचवत चिखल ढवळतो आणि स्वतःभोवती फिरत खातो. पाणी ओसरलेल्या तलावात कधी कधी चिखलावर गोल गोल खळगे दिसतात, पैंजणाएवढ्या नाही, चांगल्या परातीएवढ्या मापाचे. रोहित तिथं चरून गेल्याची ती खूण. पक्षी नसला तरी खूण मिळाली की मी तेवढ्यावर खूश होऊन परततो.

ते येतात कधी? कच्छच्या रणात पाणी साचलं की तिथं चिखलाचे बुटके बुरूज करून ते अंडी घालतात. रण आटायला लागलं की विखुरतात. आपल्याकडं बहुधा डिसेंबर-जानेवारीपासून दिसायला लागतात आणि पाणी सोयीचं असेल तर अगदी एप्रिल-मेपर्यंत मुक्काम करतात. म्हणजे तुम्ही जरा घाई केलीत. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर हा माझा आवडता काळ. ऊन तापतं, हे खरं, पण पाणी हटलेलं असतं आणि हुरड्याचे दिवस सरून रानात वर्दळ कमी झालेली असते.

चिखलाबद्दल सावध करायला हवं. पंधरा-एक वर्षांपूर्वी सूर्याचीवाडीला रोहितांच्या जवळ जायच्या नादात मी वाळलेल्या पापुद्र्यावरून पन्नास पावलं आत गेलो. वरून फरशीसारखं कोरडं, खाली खीर. गुडघ्यापर्यंत रुतलो, एक बूट आत राहिला तो आजवर तिथंच आहे. रोहित अर्थातच कधीच उडाले होते. एका मेंढपाळानं काठी पुढं करून ओढून काढलं आणि विचारलं, ‘काय हरवलं होतं का तुमचं?’ तेव्हापासून माझा नियम असा की जिथं म्हशीच्या खुराचा ताजा ठसा नाही तिथं पाय ठेवायचा नाही. आणि जवळ जाण्यापेक्षा बसून राहण्यात जास्त मिळतं. बाभळीच्या किंवा बांधाच्या आडोशाला पाऊण तास हलला नाहीत तर खाता खाता पक्षीच तुमच्याकडं सरकत येतात.

आता एका पक्ष्याची शिफारस करतो ज्याच्यासाठी सहसा कुणी मुद्दाम येत नाही. नदी सुरय. पिवळीधमक चोच, दुभंगलेली लांब शेपटी, विणीच्या दिवसांत डोक्यावर काळी टोपी, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबून सूर मारणारा. रोहितासारखा तो हंगामी पाहुणा नाही, आपलाच आहे, आणि जगभराच्या यादीत ‘संकटग्रस्त होण्याचा धोका असलेला’ म्हणून त्याची नोंद आहे. फेब्रुवारी ते मे या काळात पाणी हटून जी बेटं आणि वाळूचे दांडे उघडे पडतात त्यावर तो नुसता खळगा करून दोन-तीन अंडी घालतो. इथंच आवर्तनाचा फटका बसतो. बेट पाण्याखाली गेलं की सगळी वीण गेली. पाणी फार हटलं तर बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री आत शिरतात. मार्चमध्ये बेटाच्या आसपास सुरय डोक्यावर येऊन किंचाळायला लागले तर समजा की अंडी जवळ आहेत; आल्या पावली मागं फिरा. तुम्ही उभे राहिलात तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. अंड्यांचे फोटो काढून मिरवणाऱ्यांशी माझं पटत नाही, आणि ड्रोन उडवणाऱ्यांशी तर बोलणंच होत नाही.

बारक्या चिखलपक्ष्यांत सुरुवातीला डोकं दुखतं. सगळेच तपकिरी, सगळेच पळणारे. मी सांगतो, पहिल्या वर्षी तीनच ओळखा. मागचा भाग सारखा वर-खाली हलवत काठाकाठानं चालणारा तो साधा तुतवार. दोन पावलं पळून गपकन थांबणारा, गळ्यात काळी पट्टी आणि डोळ्याभोवती पिवळं कडं असलेला तो छोटा चिखल्या. आणि शिवणयंत्राच्या सुईसारखी टकटक चोच मारत थव्यानं फिरणारा, चिमणीएवढा, तो टिलवा. वजन अर्ध्या छटाकाच्या जवळपास, आणि वीण उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात. रोहितांच्या फोटोसाठी आलेले लोक त्याच्यावरून नजर फिरवून निघून जातात, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

बदकांत नरावर भर द्या, माद्या पुढच्या वर्षी. थापट्याची चोच फावड्यासारखी, तलवार बदकाची शेपटी टोकदार. हळदीकुंकू हे आपलं बारमाही बदक, चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके. या नावापेक्षा चांगलं वर्णन मला सुचत नाही. वारकऱ्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा तुम्ही ओळखलाच आहे. वारकऱ्यांचा मोठा थवा दिसला की कंटाळून दुर्बीण खाली ठेवू नका, त्यांच्यात मिसळून लालसरी, तरंग असे दुसरे बसलेले असतात.

पाण्याकडं पाठ करूनही बघत चला. तलावाभोवतीचा माळ इथं पाण्याइतकाच मोलाचा आहे. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला पखुर्ड्या ‘कुट-रो’ अशा आवाजात थव्यानं पाण्यावर येतात, दोन घोट पिऊन लगेच उडतात. विणीच्या काळात नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि स्पंजासारखं ते पाणी माळावरच्या पिल्लांना नेऊन पाजतो. धाविक असतो, चंडोल असतात, शाळूच्या दिवसांत भोरड्यांचे ढग असतात. अचानक सगळा तलाव एकदम उठला तर पक्ष्यांकडं नाही, आभाळाकडं बघा: दलदलीवरचा भोवत्या किंवा ससाणा फिरत असणार.

सामानाचं विचारलंत. ८×४२ ची दुर्बीण पुरते. जास्त मोठ्या आकड्याच्या मागं लागू नका, हात थरथरतो आणि चित्रही. खरा फरक पडतो तो तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपनं, पण तो महाग. दोघा-चौघांनी मिळून घ्या. कपडे मातकट. पाणी, टोपी, शेंगदाणे. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडा, म्हणजे सकाळी पूर्वेचा काठ आणि संध्याकाळी पश्चिमेचा. समोरून ऊन असलं की सगळे पक्षी काळे.

वही ठेवता हे उत्तम. फक्त पक्ष्यांच्या नावांबरोबर रोज तीन गोष्टी लिहा: पाण्याची कड कुठल्या झाडापर्यंत किंवा दगडापर्यंत आहे, आवर्तन कधी सुटलं, आणि काठच्या रानात काय पीक आहे. पाच वर्षांनी हीच वही तुम्हाला कुणाही तज्ज्ञापेक्षा जास्त सांगेल. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजून त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरा, मग तेवढे तुकडे थव्यावर टाकत जा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, तिच्यात मुलांना घेऊन या. नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका म्हणजे कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

आता ते तीन राखी बगळे. राखी बगळा शिकार करताना पुतळ्यासारखा उभा राहतो, सारखा मान घालून चालत नाही. आणि उडताना मान आखडून खांद्यात घेतो. सरळ मान बघितल्याबरोबर बगळा बाद. मान लांबवून उडणारे उरतात करकोचे, क्रौंच, शराटी, चमच्या आणि रोहित. चमच्या पांढराशुभ्र. शराटी एवढी उंच नाही, आणि तिची वाकडी चोच तर लांबूनही दिसते. क्रौंच रानात दाणे टिपतो, पाण्यात डोकं घालून फिरत नाही. चित्रबलाकाची पिल्लं मळकट असतात आणि पाण्यातच खातात, त्यामुळं तिथं मी क्षणभर अडखळलो. पण त्यांची चोच एवढी लांब आणि जाड की तुम्हाला ती दिसली नाही असं होणार नाही. चोच दिसली नाही, कारण डोकं आख्खं पाण्यात उलटं होतं.

रोहिताची पिल्लं गुलाबी नसतात. पहिलं वर्षभर राखाडी-मातकट असतात, पाय काळपट, चोचही फिकट. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि पुरता चढायला तीन-चार वर्षं जातात. अशी पोरं मोठ्यांच्या आधी, दोन-तीनच्या टोळीनं, कधी भरलेल्या तलावाच्या शेपटालासुद्धा उतरतात. वहीतली ती ओळ खोडा आणि त्याच तारखेखाली लिहा: मोठा रोहित, ३, पहिल्या वर्षाचे, येरळवाडी.